शेगावहून पुण्याच्या सुपरकॉम्प्युटरला फाईल पाठवायला एक ओळ पुरते, पण मध्येच येणारा तो प्रश्न कुणी वाचत नाही

शेगाव म्हटलं की आधी गजानन महाराजांचं मंदिर आठवतं आणि लगोलग कचोरी. तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन सुचत नाही, ती म्हणजे खामगाव रोडवरचं इंजिनिअरिंग कॉलेज. श्री संत गजानन महाराज कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग हे कॉलेज १९८३ सालापासून सुरू आहे आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यातली पोरं तिथं कॉम्प्युटर शिकतात.

आता समजा, अशाच एका मुलीनं फायनल इयरचा प्रोजेक्ट घेतलाय. कपाशीच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्रॅम. वावरात फिरून काढलेल्या फोटोंचं फोल्डर झालंय २० जीबीचं. तिच्या लॅपटॉपला हा भार झेपत नाही, म्हणून गाइडमार्फत अर्ज करून तिनं पुण्याच्या एका सुपरकॉम्प्युटरवर खातं मिळवलंय. पुण्यात आयसरमध्ये 'परम ब्रह्म' नावाचं यंत्र आहे. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून ते बसवलं तेव्हा त्याची ताकद ७९७ टेराफ्लॉप होती, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी.

बाय द वे, या 'परम' घराण्याचं मूळ शेगावपासून फार लांब नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर. १९९१ साली त्यांच्या टीमनं परम ८००० उभा केला. हे भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, तालुका मूर्तिजापूर. शेगावहून नागपूरकडं जाणाऱ्या गाडीत बसलात तर अकोल्यानंतर मूर्तिजापूर स्टेशन लागतंच.

तर प्रश्न असा आहे की हे २० जीबी शेगावहून पुण्याला न्यायचे कसे?

व्हॉट्सॲप बाद, कारण ते फोटो दाबून बारीक करतं आणि पानावरचा ठिपकाच पुसला जातो. पेनड्राइव्ह घेऊन पुण्याला गेलं तरी सुपरकॉम्प्युटरच्या खोलीत कुणी पेनड्राइव्ह लावू देत नाही. गुगल ड्राइव्हवर टाकता येईल, पण या यंत्राला तुमच्यासाठी ना स्क्रीन असते, ना माऊस, ना ब्राउझर. ते थंडगार खोलीत बसलेलं असतं आणि त्याच्याशी बोलायचं ते काळ्या खिडकीत आदेश टाइप करून. फाईलही तिथूनच पाठवायची. त्या आदेशाचं नाव एससीपी, म्हणजे सिक्युअर कॉपी. नावातच सुरक्षित आहे. पण सुरक्षित कुणापासून, हे समजायला तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

पूर्वी फाईल पाठवायला एफटीपी होतं आणि दूरच्या यंत्रावर लॉगिन करायला टेलनेट. दोन्ही व्यवस्थित चालायचे. भानगड एवढीच की त्यातून जाणारं सगळं उघडं असायचं, पासवर्डसुद्धा. आपण एसटीच्या कंडक्टरकडं डबा देतो ना, तसंच. डबा पोचतो, पण वाटेत कुणीही झाकण उघडून बघू शकतं. इथं तर डब्याला कुलूप लावून किल्ली दोऱ्यानं त्यालाच बांधलेली असायची. नेटवर्कवर मधेच कान लावून बसणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला की झालं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पासवर्ड गोळा व्हायचे.

१९९५ साली फिनलंडमध्ये नेमकं हेच झालं. हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरणारा असा प्रोग्रॅम सापडला. तिथं तातू इलोनेन नावाचा संशोधक होता. त्यानं ठरवलं की आता सगळं बोलणंच कुलपात गेलं पाहिजे, आणि काही महिन्यांत एसएसएच लिहून काढलं. एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल, दूरच्या यंत्राशी कुलूपबंद बोलायची सोय. एससीपी हा त्याचाच फाईल वाहून नेणारा भाऊ.

यातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. इंटरनेटवर प्रत्येक सेवेला एक नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३. इलोनेनला या दोघांचीच जागा घ्यायची होती आणि मधला २२ रिकामा होता. त्यानं जुलै १९९५ मध्ये नंबर वाटणाऱ्या संस्थेला साधा ईमेल केला, २२ मिळेल का म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दिला. आज जगातले असंख्य सर्व्हर त्याच २२ नंबरच्या दारातून उघडतात. आपल्याकडं रेशनकार्डावर नाव चढवायलाही याहून जास्त चकरा पडतात.

पुढं १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच नावाची फुकट आणि खुली आवृत्ती आणली. आज बहुतेक ठिकाणी चालतं ते हेच. लिनक्समध्ये आणि मॅकमध्ये ते असतंच. विंडोज १० मध्येही २०१८ पासून आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाच्या ॲपमधून ते घेता येतं.

आता आदेश कसा लिहायचा ते बघू. आधी एससीपी ही तीन अक्षरं, इंग्रजी लहान लिपीत. मग स्पेस देऊन आपल्याकडच्या फाईलचं नाव. पुन्हा स्पेस. मग पुण्याच्या यंत्रावरचं आपलं युजरनेम, त्याला चिकटून ॲटचं चिन्ह, त्या यंत्राचा पत्ता, मग कोलन आणि शेवटी तिथलं फोल्डर. कुठून हे आधी, कुठं हे नंतर. परत आणायचं असेल तर फक्त ही बाजू उलटी करायची. अख्खं फोल्डर पाठवायचं असेल तर एससीपी या शब्दानंतर वजाचं चिन्ह आणि लहान आर. बास.

दिसायला सोपं, पण त्या कोलनला विसरू नका. कोलन राहिला तर आदेश कसलीही तक्रार करत नाही. तो तुमच्याच लॅपटॉपवर, युजरनेम आणि पत्ता असं लांबलचक नाव देऊन, फाईलची दुसरी प्रत बनवतो. तुम्हाला वाटतं गेलं पुण्याला, आणि ते पडलेलं असतं तुमच्याच समोर. दुसरं म्हणजे फाईलच्या नावातली मोकळी जागा. 'कपाशी फोटो' असं नाव असेल तर यंत्राला त्या दोन वेगळ्या फाईली वाटतात, म्हणून नाव अवतरणचिन्हांत टाकायचं. काही सर्व्हर २२ सोडून दुसरा पोर्ट वापरतात, तेव्हा एससीपीमध्ये कॅपिटल पी लागतो आणि एसएसएचमध्ये स्मॉल. कारण एससीपीचा जुना पूर्वज आरसीपी, त्यानं स्मॉल पी आधीच फाईलची तारीख जपण्यासाठी वापरून ठेवला होता. वाडवडिलांच्या खोडी नातवंडांनी निस्तरायच्या, त्यातला प्रकार.

बरं, ओळ लिहून एंटर दाबलं. आता काय होतं?

दोन्ही यंत्रं आधी एक गुपित किल्ली ठरवतात, आणि गंमत म्हणजे ती उघड्यावर बोलून ठरवतात. भर चौकात दोघं बोलतायत, आजूबाजूचे सगळं ऐकतायत, तरी शेवटी जो आकडा ठरतो तो फक्त त्या दोघांनाच माहीत असतो. ऐकणाऱ्याला तो काढायचा म्हटला तर इतकी आकडेमोड करावी लागेल की ती होणारच नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये मांडली. या किल्लीनं पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद होतं. शेगावच्या एखाद्या लॉजमधल्या फुकट वायफायवरून पाठवलं तरी मधल्या माणसाला फक्त कचरा दिसतो.

हे सगळं यंत्र आपलं आपण करतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. पण एक गोष्ट त्याला स्वतःहून कळू शकत नाही. कुलूप एकदम भारी आहे, पण आपण ते कुणाबरोबर लावलं? पलीकडं खरंच पुण्याचा सुपरकॉम्प्युटर आहे, की मधेच कुणी 'मीच पुण्याचा' म्हणून बसलाय?

म्हणून पहिल्यांदा जोडताना स्क्रीनवर एक प्रश्न येतो. या यंत्राची ओळख पटवता येत नाही, याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढं जायचं का? हो की नाही? ठसा म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची चाळीसेक खुणांची एक लांबट माळ. आणि इथं आपण सगळे काय करतो? ॲपच्या अटी वाचतो तशाच वाचतो. म्हणजे वाचतच नाही. 'यस' टाइप करून मोकळे.

खरं तर सगळ्या व्यवहारात माणसाच्या हातात सोडलेली अशी ही एकच जागा आहे. एकदा 'यस' म्हटलं की तुमचा लॅपटॉप त्या यंत्राची किल्ली एका फाईलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी विचारत नाही. पहिल्या भेटीत जो भेटला, त्यालाच खरा मानायचं असा हिशोब. पहिल्याच भेटीत तोतया भेटला असेल तर पुढं कायम तोतयालाच आपला मानणार.

अशा वेळी नुकसान नेमकं किती? इथं एक बारीक फरक आहे. तुम्ही पासवर्डनं लॉगिन करत असाल तर पासवर्ड कुलूपबंद होऊन जातो खरा, पण जातो थेट तोतयाच्याच घरी. त्याला तो उघडा मिळतो, आणि मग तो तुमच्या नावानं खऱ्या यंत्रावर जाऊ शकतो. तुम्ही किल्लीनं लॉगिन करत असाल तर तुमची खाजगी किल्ली त्याला मिळत नाही, कारण ती लॅपटॉपमधून बाहेर जातच नाही. पण फाईल? ती मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला देऊन बसता. कपाशीचे फोटो गेले तर ठीक, कुणी फार रडणार नाही. त्याच आदेशानं एखाद्या दवाखान्याचे रिपोर्ट किंवा पतसंस्थेच्या खातेदारांची यादी जात असेल तर?

उपाय अगदी गावठी आहे. तो ठसा दुसऱ्या वाटेनं मागवायचा. खातं देणाऱ्या लोकांनी माहितीपत्रकात दिला असेल तर तो बघायचा, नसेल तर ॲडमिनला फोन करायचा, 'सर, तुमच्या लॉगिन सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पाठवता का?' ॲडमिनला हा प्रश्न ऐकून राग येत नाही, उलट पोरगी शहाणी आहे असं वाटतं. चाळीस खुणा डोळ्यांनी जुळवायचा कंटाळा येत असेल तर नव्या आवृत्तीत 'यस'च्या जागी मिळालेला ठसाच चिकटवता येतो. जुळला तरच ते पुढं जातं. ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे.

दुसरा प्रसंग याच्या उलटा. वर्षभर सगळं नीट चालू होतं आणि एक दिवस मोठ्या अक्षरांत इशारा येतो की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे. दहातल्या नऊ वेळा कारण साधं असतं, सर्व्हर नव्यानं इन्स्टॉल केला किंवा पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला. पण इंटरनेटवर उपाय शोधला की पहिलाच सल्ला मिळतो, जुनी नोंद पुसून टाका आणि पुन्हा 'यस' म्हणा. घराचं कुलूप बदललेलं दिसल्यावर आत कोण आहे हे न विचारता नवी किल्ली करून घेण्यातला हा प्रकार. नोंद पुसायचीच असते, पण आधी फोन करून, मग.

किल्लीचा उल्लेख आला म्हणून तेही सांगतो. एसएसएचची किल्ली जोडीनं बनते. एक सार्वजनिक, ती सर्व्हरवर ठेवायची, कुणाला दिसली तरी हरकत नाही. दुसरी खाजगी, ती फक्त तुमच्याकडं. लॉगिनच्या वेळी सर्व्हर जणू एक कोडं घालतो, ते फक्त खाजगी किल्लीवालाच सोडवू शकतो. पासवर्ड टाइप करायची कटकट जाते आणि चोरीला जाण्यासारखं वाटेवर काही उरत नाही. फक्त ही खाजगी किल्ली बनवताना तिलाही एक सांकेतिक वाक्य द्यावं, म्हणजे लॅपटॉप हरवला तरी किल्ली लगेच चालत नाही. आणि ती किल्ली मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवू नये. ग्रुप प्रोजेक्टमध्ये हे सर्रास होतं. चौघांत एक किल्ली म्हणजे उद्या सर्व्हरवर काही गडबड झाली तर ती कुणी केली हे चौघांनाही सिद्ध करता येत नाही.

आता थोडं विजेचं आणि नेटचं बोलू, कारण शेगावात बसून २० जीबी पाठवायचे म्हणजे तो मुद्दा आलाच. अपलोडचा स्पीड १० एमबीपीएस धरला तर हे फोल्डर जायला जवळपास साडेचार तास लागतात. चौथ्या तासाला लाईट गेली की राउटर बंद. एससीपीला आठवण नसते. पुन्हा आदेश दिला की पहिल्या फोटोपासून सुरुवात.

यासाठी आरसिंक वापरावं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९९६ मध्ये ते आणलं. हेही एसएसएचच्याच कुलूपबंद वाटेनं जातं, पण निघण्याआधी तिकडं काय पोचलंय ते विचारतं. आकार आणि तारीख जुळणाऱ्या फाईलींना ते हात लावत नाही. एखादी मोठी फाईल मधेच थोडी बदलली असेल तर तिचे तुकडे करून फक्त बदललेला तुकडा पाठवतं. त्यामुळं लाईट आल्यावर पुन्हा तीच ओळ चालवायची, उरलेलंच जातं. अर्धवट राहिलेली फाईलही जपून ठेवायची असेल तर आदेशात कॅपिटल पी टाकावा, नाहीतर ते तेवढा अर्धा तुकडा फेकून देतं. विंडोजमध्ये आरसिंक आयतं नसतं, त्यासाठी विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय सुरू करावी लागते.

आरसिंकला दोन काटे आहेत. फोल्डरच्या नावापुढं तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. एवढ्याशा रेघेपायी लोकांचा सर्व्हर फाईलींनी विस्कटतो. दुसरा काटा टोचणारा आहे. 'डिलीट' हा पर्याय दिला तर इकडं जे नाही ते तिकडूनही पुसलं जातं, आणि चुकून रिकामं फोल्डर दिलंत तर तिकडचं सगळं साफ. इथं रिसायकल बिन नसतो. एससीपीसुद्धा त्याच नावाची जुनी फाईल न विचारता नव्या फाईलनं झाकून टाकतं. म्हणून आरसिंक आधी 'एन' लावून चालवावं, तेव्हा ते नुसतं सांगतं की मी काय काय करणार आहे, करत काही नाही.

एससीपी स्वतःही आता म्हाताऱ्याच्या रांगेत आहे. त्याची आतली बोलण्याची पद्धत १९८० च्या दशकातल्या आरसीपीकडून आली होती. त्या पद्धतीत मागितलेलीच फाईल मिळते का हे नीट तपासलं जात नव्हतं, त्यामुळं लबाड सर्व्हर तुमच्या लॅपटॉपवर भलतीच फाईल लिहू शकत होता. ही भोकं जानेवारी २०१९ मध्ये उघड झाली. मग एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच ९.० आलं आणि एससीपी हा आदेश आतून एसएफटीपी या नव्या पद्धतीनं चालायला लागला. बाहेरून लिहायची ओळ जवळपास तीच राहिली. म्हणजे पाटी जुनी, दुकान नवं.

आणि इतकं सगळं करूनही धोका कुठून येईल सांगता येत नाही. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला जाणवलं की त्याच्या चाचणी यंत्रावर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपण अर्ध्या सेकंदासाठी मान वर करत नाही. त्यानं खोदायला घेतलं आणि सापडलं ते भयंकर होतं. एक्सझेड नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. काही लिनक्समध्ये एसएसएच सर्व्हर आडवळणानं ही लायब्ररी वापरतो, आणि त्या दरवाजातून ठरावीक माणसाला थेट आत शिरता आलं असतं. तो बसवणारा 'जिया टॅन' या नावानं दोन-तीन वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम करत विश्वास कमवत होता. सुदैवानं खराब आवृत्ती मोठ्या प्रमाणात पसरायच्या आधी हे उघडं पडलं. तेव्हा लॅपटॉप अपडेट मागत असेल तर 'नंतर आठवण कर' वर किती दिवस काढायचे ते तुम्हीच ठरवा.

अजून एक गैरसमज. कुलूप फक्त प्रवासापुरतं असतं. पुण्याला पोचल्यावर फाईल तिथल्या डिस्कवर उघडीच पडते, आणि ज्याला त्या यंत्रावर अधिकार आहे तो ती वाचू शकतो. कुणाचा आधार नंबर, कुणाचा आजार असं काही त्यात असेल तर फाईल आधी स्वतंत्र पासवर्डनं बंद करून मगच पाठवायची.

आपल्या मुलीचं काम पुण्यात चालून निकाल तयार झाला की तिनं बाजू उलटी करून तो शेगावला आणायचा. आणल्यावर लगेच तिकडची प्रत पुसायची नाही. दोन्हीकडं फाईलचा चेकसम काढायचा. हा एका आदेशात निघणारा लांब आकडा असतो आणि फाईलीतलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी तो पूर्ण बदलतो. शेगावचा आकडा आणि पुण्याचा आकडा शेजारी ठेवून जुळवायचा. जुळला, की मग पुण्याची जागा खुशाल रिकामी करावी.